पहिली गाडी जुनी घ्यावी का? (मुलीसाठी विचारतोय, पण आधी माझं ऐका)

दुसऱ्या गेटवरचा:

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण नमनाला घडाभर तेल जाणार. तेवढं सोसा.

मुलगी इथं बेळगावजवळ मच्छेला नोकरीला लागून वर्ष झालं. आता तिला स्वतःच्या पैशाची गाडी पाहिजे. शिनोळीच्या पुढे एकाकडे २००९ ची लहान पेट्रोल गाडी बघून आलीय, एमएच-०९ पासिंग, ९० हजार सांगतोय. तिची आई म्हणते स्कूटर आहे की, कशाला पाहिजे. मी गप्प आहे. कारण तोंड उघडलं की "बाबा, तुम्ही तर याहून भंगार घेतली होती" हे ठरलेलं.

घेतली होती, खरं आहे. १९९६ साल. मी उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर. गडहिंग्लजच्या मामांनी त्यांची १९७८ ची गाडी मला ३२ हजारांना दिली. सख्खे मामा, त्यामुळे घासाघीस नाही, बॉनेट उघडून बघणं नाही, मामींच्या हातचं जेवायचं आणि किल्ली घ्यायची. कंपनीचं नाव घेत नाही. अठरा वर्षं उसाच्या रस्त्यांवर बडवलेल्या गाडीचं पाप कंपनीच्या माथी कशाला? गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे बाकड्यासारखी एकसलग सीट, सकाळी चोक ओढायचा. चोक किती ओढायचा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कमी ओढला तर चालू व्हायची नाही, जास्त ओढला तर पेट्रोलचा वास सुटायचा आणि मग दहा मिनिटं गाडीकडे बघत बसायचं.

पहिल्याच दिवशी संकेश्वर पार करून वंटमुरी घाटात बंद. मे महिना, भर दुपार. तेव्हा हायवे चौपदरी नव्हता, मागे ट्रकची ही रांग. एक ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेटमध्ये हात घातला आणि म्हणाला, "बिसी आगेदरी," तापलीय. खांद्यावरचा पंचा कॅनमधल्या पाण्यात बुचकळून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाला गुंडाळला. तसल्या जुन्या गाडीत हा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, चढावर इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. हे सगळं मला नंतर मिस्त्रींनी सांगितलं. तेव्हा फक्त एवढं कळलं की ओल्या फडक्याने गाडी चालू होते. पंचा परत द्यायला गेलो तर म्हणाला, "इरली इरली," राहू दे. पुढची पाच वर्षं तो पंचा डिकीतच होता.

घर टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे. कामावर जायचं तर गेट ओलांडायलाच पाहिजे. गेट पडलं की सगळे इंजिन बंद करायचे, मी करायचो नाही. एकदा शेजाऱ्याचं ऐकून केलं. रेल्वे गेली, गेट उघडलं आणि माझी गाडी ढिम्म. मागून हॉर्न, पुढून हॉर्न. आमच्या फाउंड्रीतली दोन पोरं सायकलवरून चालली होती, बैलहोंगलकडची. त्यांनी सायकली टाकल्या आणि ओरडायला लागली, "नूक्री, नूक्री!" आता नूक्री म्हणजे ढकला. पण मला आपलं ऐकू आलं नोकरी, नोकरी. म्हटलं हो रे बाबा, नोकरीवरच चाललोय! त्या दिवसापासून आख्ख्या फाउंड्रीत गाडीचं नाव "नूक्री" पडलं. साहेबसुद्धा विचारायचे, आज नूक्री आली का?

पावसाळ्यात तिचं वेगळंच सोंग. आपल्याकडचा पाऊस, आठ-आठ दिवस ऊन नाही. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरायची, ठिणगी गायब. टोपी काढायची, बनियनच्या तुकड्याने पुसायची, आतले पॉइंट (ठिणगीसाठी उघडमीट करणारी पत्र्याची टोकं) पॉलिश पेपरने घासायचे, परत बसवायची. पॉइंटमधलं अंतर बघायला मिस्त्री लग्नपत्रिकेचा जाड कागद घालायचे. त्यामुळे गल्लीत कुणाचंही लग्न ठरलं की मला दोन पत्रिका.

१९९८ च्या आषाढात आईला वडगावला मंगाईच्या यात्रेला नेलं. परत येताना ऐन गर्दीत बंद पडली. आईच्या मांडीवर नारळाची पिशवी. "तू बस," म्हटलं, पण ती उतरली आणि पदर खोचून ढकलायला लागली. तिला बघून यात्रेतली वीस-पंचवीस माणसं धावली. गाडी चालू झाली नाही ती नाहीच, पण माणसांनी ढकलत पार यात्रेच्या बाहेर नेऊन सोडली, जणू पालखीच.

२००१ मध्ये ११ हजारांना दिली. घेणाऱ्याने दोरखंड लावून ओढून नेली.

तर सांगा, मुलीला घेऊ द्यावी का? आणि तुमची पहिली गाडी कुठं कुठं बंद पडायची तेही येऊ द्या.

निपाणीकर:

बरं केलासा विषय काढलासा. आमची पहिली गाडी म्हणजे बाबांची, पण चालवायचो मीच, म्हणून माझी. वायपर फक्त ड्रायव्हरच्या बाजूचा, तोही तवंदी घाटात उभा राहायचा. निपाणीची माणसं आम्ही, उपाय खिशातच. तंबाखू ओली करून काचेवर बाहेरून चोळायची. पाणी थेंब धरून बसत नाही, सरकून जातं. कोल्हापूरपर्यंत दोनदा चोळावी लागायची. बायको माहेरी पोचली की तिची आई विचारायची, जावई गाडीत बसून तंबाखू खातात का?

रेडिएटर गळायचा. त्यात चमचाभर हळद. हसू नका, बारीक भोक असेल तर हळद फुगून बसते आणि गावापर्यंत नेते. पण वर्षभर तीच हळद टाकत राहिलो, मग रेडिएटर उघडला तेव्हा आत पिवळा चिखल. मिस्त्री म्हणाला, मालक, यात आता पोहे टाका.

घेऊ द्या की हो पोरीला. गाडीनं चार वेळा रस्त्यात उभं केल्याशिवाय ड्रायव्हर तयार होत नाही.

जांबोटी रोड:

मी खानापूर तालुक्यात शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. वरचं दोन्ही वाचलं. हसलेही. पण मला वेगळं सांगायचं आहे.

मीही २००३ साली स्वतःच्या पगारातून जुनी गाडी घेतली. बस दिवसातून दोन आणि त्याही पावसात बेभरवशाच्या, म्हणून. पेट्रोलची टाकी झिरपायची. अंगाचा साबण घासून भरायचा, पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, चार दिवस निभतं. शाळेपाशी बंद पडली तर मुलं ढकलायची, त्यांना तो खेळ होता.

पण एकदा कणकुंबीच्या अलीकडे संध्याकाळी बंद पडली. ऑगस्ट. धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. फोन नव्हता, असता तरी तिथं रेंज कसली. एक ट्रक थांबला, आत चार पुरुष. चांगलेही असतील. मी काच खाली केली नाही. ते गेले. मग मी गाडी तिथंच सोडून छत्री घेऊन दोन किलोमीटर चालत एका वस्तीवर गेले. त्या घरातल्या आजींनी नाचणीची भाकरी दिली, चुलीपाशी झोपवलं. सकाळी त्यांच्या मुलाने टोपी पुसली, गाडी चालू. तुमच्याच टोपीचा आजार, दुसऱ्या गेटवरचे.

ही गोष्ट मी सांगते तेव्हा सगळ्यांना आजी आणि भाकरी लक्षात राहते. मला ट्रक लक्षात आहे. गाडी मी तीन वर्षांत विकली आणि मला तिची अजिबात आठवण येत नाही.

तुम्हाला ढकलायला वीस-पंचवीस माणसं धावली. तुमची मुलगी रात्री किती वाजता सुटते, हे तुम्ही लिहिलंच नाही.

गॅरेजवाला:

काकू बरोबर बोलल्या. पण २००९ ची गाडी आणि १९७८ ची गाडी यात फरक आहे तेवढं सांगतो, नाहीतर उगाच घाबराल.

२००९ च्या गाडीत पॉइंट नाहीत, चोक नाही, कार्ब्युरेटर नाही. इंजेक्शन आहे, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल फवारतो, आणि पंप टाकीत आहे. त्यामुळे वंटमुरीचा आजार आणि वडगावचा आजार दोन्ही गेले. बंद पडायचं प्रमाण कमी. पण पडली तर पंचा, पत्रिका, हळद यांचा उपयोग नाही, स्कॅनर लावणारा माणूस लागतो. बॅटरी पूर्ण झोपली असेल तर ढकलूनही चालू होईलच असं नाही, कारण पंपाला आणि कॉम्प्युटरला करंट पाहिजे.

बघायला जाताना सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी फोनवर सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन खरं बोलतं. मागून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण उघडा, आत ताकासारखं पांढरं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये जातंय असा संशय धरा, तिथूनच रामराम.

कागद. गाडी महाराष्ट्राची, राहणार बेळगावात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे एनओसी (फॉर्म २८ वर), आणि इकडे परत टॅक्स. हा टॅक्स धरून ९० हजारांचा हिशोब करा, बरेच जण विसरतात. शिवाय २००९ ची आहे म्हणजे १५ वर्षं झाली, आरसी पुढे वाढवून घेतलीय का बघा. १ एप्रिल २०२२ ला १५ वर्षांवरच्या गाडीची ती फी ६०० ची ५००० झाली. आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही.

निपाणीकर:

हळदीचा उपयोग नाही म्हणता म्हणजे आमचं शिक्षण वायाच गेलं की.

दुसऱ्या गेटवरचा:

बाई, तुमचं वाचलं आणि दोन दिवस काही लिहवलं नाही. मुलगी साडेनऊला सुटते. मच्छेहून पिरनवाडीपर्यंत रहदारी असते म्हणून मी मनाची समजूत घातली होती.

आणि खरं सांगायचं तर यात्रेची गोष्ट मी अर्धीच सांगितली. यात्रेच्या बाहेर माणसं आम्हाला सोडून परत गेली. मग आई आणि मी पावसात तासभर रिक्षा शोधत उभे. आईला ताप आला, आठ दिवस अंथरुणाला होती. घरी हा भाग कुणी काढत नाही, मीही नाही.

तुमची पोस्ट मुलीला वाचायला दिली. तिने वाचली, गॅरेजवाल्यांचीही वाचली, दोनदा. मग म्हणाली, बघून तर येऊ, सकाळी लवकर. तिनेच मालकाला फोन करून सांगितलं, चालू करू नका.

रविवारी साडेसहाला निघालो. शिनोळीला चहा घेतला, धुकं होतं, काजूच्या बागेतून वाट. मालक दारातच उभा. गाडी धुऊन पुसून चकाचक, आतमध्ये उदबत्तीचा वास. किल्ली फिरवली, अर्ध्या क्षणात चालू. काय तो आवाज, शिवणयंत्रासारखा. मला इतकी आवडली की मी टायरसुद्धा बघितले नाहीत. मामांच्या अंगणात उभा असल्यासारखा मालकाशी गडहिंग्लजच्या बाजारावर बोलत राहिलो.

मुलगी तेवढ्यात पुढे गेली आणि बॉनेटवर तळहात ठेवला. ठेवून राहिली. मग माझा हात धरून तिथं ठेवला.

गरम होतं.

मालक म्हणाला, "सकाळी जरा दूध घालायला गेलतो." आम्ही बरं म्हटलं, त्याच्या घरचा चहाही घेतला, दुसऱ्यांदा. येताना स्कूटरवर ती पुढे, मी मागे. आता उचगावात एक २०१४ ची आहे म्हणे, केए-२२, म्हणजे बेळगावच्याच पासिंगची. गॅरेजवाले, पुढच्या रविवारी तुम्ही मोकळे आहात का?