पावसाळाभर ठेवलेले लायपो फुगलेत, एखादा तरी वाचेल का?

माळावरचा_गडी
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. मागच्या दिवाळीत रिमोटवर उडणारं फोमचं ट्रेनर विमान घेतलं, सोबत ३एस (एकामागं एक तीन सेल जोडलेले) २२०० एमएएचचे तीन लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचे पॅक. उन्हाळाभर कळंब्याच्या पुढच्या माळावर सकाळी सकाळी जाऊन उडवलं, लय मजा आली. मग जूनमध्ये पाऊस बसला आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, माळावर नुसता चिखल. दुकानदारानं सांगितलेलं की ठेवायची असली तर बॅटरी फुल्ल करूनच ठेवा, म्हणून दोन पॅक फुल्ल करून कपाटात ठेवले. तिसरा विमानातच जोडलेला राहिला, पण स्विच बंद होता त्यामुळं मला वाटलं काय होतंय त्याला.

काल गणपती पोचवून आल्यावर सगळं बाहेर काढलं तर एक पॅक टम्म भाकरीगत फुगलाय, अंगठ्यानं दाबला की मऊ लागतोय. दुसरा किंचित फुगल्यासारखा वाटतोय, चेकरवर (सेलसेलचं व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर) सेल ४.१६, ४.१७ आणि ३.९२ दाखवतोय. विमानातला तर चार्जर घेतच नाही, लो व्होल्टेज म्हणून नुसता बोंबलतोय, मीटर लावला तर अख्ख्या पॅकला २.४ व्होल्ट. तिन्ही गेले म्हणायचे का? घरात किंमत खरी सांगितलेली नाही, एवढ्यात नवीन घ्यायची सोय नाही.

गुळाची_ढेप
विमानातला वाचतोय की. चार्जर निकेलच्या (जुन्या प्रकारच्या बॅटरीच्या) मोडवर टाक, अर्धा अँपिअर दे दहा मिनिटं, व्होल्टेज वर आलं की लायपो मोडला घे. मी दोनदा केलंय, काही झालं नाही.

उद्यमनगर_लेथ
ढेप भाऊ, दोनदा काही झालं नाही म्हणजे तिसऱ्यांदा होणार नाही असं नसतंय. २.४ भागिले तीन, म्हणजे एका सेलला ०.८ व्होल्ट. लायपो सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचाच नसतो. इतका खाली कित्येक आठवडे पडून राहिला की आतली तांब्याची पत्री विरघळायला लागते, आणि परत चार्ज केला की तेच तांबं आत भलत्याच जागी बसतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. कधी चार्जरवरच होतो, कधी दहा दिवसांनी कपाटात. निकेल मोडमध्ये चार्जर सेलसेल बघत नाही, नुसता करंट ढकलत राहतो, लायपो म्हणून जी काय राखण असते ती सगळी तुम्ही आपल्या हातानं बंद केलेली असते.

आणि गड्या, ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) स्विच बऱ्याचदा फक्त रिसीव्हर आणि सर्व्होची (पंख-शेपटी हलवणाऱ्या छोट्या मोटरची) लाईन तोडतो. बॅटरीच्या जाड वायरी ईएससीला जोडलेल्याच असतात, तो थोडं थोडं पीत राहतो. एका रात्रीत कळत नाही, तीन महिन्यांत असा निकाल लागतो. उडवून झालं की एक्सटी६० (बॅटरीचा कनेक्टर) उपसून पॅक बाहेर काढायचा, मग घरी जाताना कितीही घाई असू दे.

फुगलेल्याचं म्हणाल तर आत इलेक्ट्रोलाइट कुजून गॅस झालाय, तो परत बसत नाही. सुई मारून गॅस काढायचे व्हिडिओ बघून कुणी हात घालू नका. आमच्या शेजारच्या शेडमधल्या पोरानं कनेक्टर बदलताना पक्कडीनं लाल-काळी वायर एकदम कापली तर शॉर्ट होऊन पक्कडीच्या धारेला मसुराएवढा खड्डा पडला, ते सुद्धा चांगल्या पॅकवर. एका वेळी एकच वायर कापायची, तिला टेप, मग दुसरी.

फोमबोर्ड_काका
दुकानदारानं सांगितलं ते लेड ॲसिडला ठीक आहे, इन्व्हर्टरची बॅटरी भरलेलीच ठेवतात. लायपोचं उलट. ४.२ वर भरलेला सेल नुसता ठेवला तरी आतून झिजत राहतो, आणि जितकी गरमी जास्त तितका लवकर. उडवून उडवून पॅक मेले असं सगळे म्हणतात, माझे निम्मे पॅक तर फुल्ल ठेवून ठेवूनच मेलेत, रविवारी जायचं म्हणून शनिवारी रात्री भरायचे, सकाळी पाऊस नाहीतर पाहुणे, आणि ते तसेच पुढच्या रविवारपर्यंत.

ठेवायचं व्होल्टेज सेलला ३.८ ते ३.८५, म्हणजे ३एसला साधारण साडेअकरा. चार्जरमध्ये स्टोरेज म्हणून मोड असतो तो त्यासाठीच. पण साधे चार्जर पाच वॅटनं वगैरे डिस्चार्ज करतात, २२०० चा फुल्ल पॅक स्टोरेजला आणायला अडीच तास जातात, म्हणून लोक कंटाळा करतात. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांत उडवायचं नक्की असेल तेव्हाच भरायचा हे बरं.

तुमचा तो ३.९२ वाला. बॅलन्स चार्ज (सगळे सेल सारखे करत भरणं) केला तर तिन्ही सेल ४.२० दाखवतील आणि तुम्हाला वाटेल झालं नीट. पण दोन सेल जागेवर राहिले आणि एकच खाली आला याचा अर्थ तो आतून गळतोय. स्टोरेजला आणा, चेकरचे आकडे कागदावर लिहा, आठ दिवसांनी परत बघा. तोच सेल परत एकटा उतरला तर विमानात घालू नका. हे आठ दिवस पॅक घरात नको, मोठ्या मातीच्या कुंडीत खाली वाळू घालून व्हरांड्यात ठेवा. स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून कोंडू नका, पेटला तर वाफ आणि धूर जायला जागा लागते, नाहीतर त्याचाच बॉम्ब.

एक विचारतो, टायमर किती मिनिटांचा लावता? आणि उडवून आल्यावर चार्जर किती एमएएच परत भरतो?

माळावरचा_गडी
काका टायमर सात मिनिटांचा. भरताना १९०० च्या आसपास जायचे. बऱ्याचदा मोटर आपोआप ढिली पडायची मग उतरवायचो.

फोमबोर्ड_काका
तिथंच मेख आहे बघा. मोटर ढिली पडते म्हणजे व्होल्टेज खाली गेलं म्हणून ईएससी कटऑफ करतोय, मोटरची पॉवर तोडतोय, ती शेवटची पायरी, रोज तिथपर्यंत जायचं नसतं. २२०० मधले ऐंशी टक्के म्हणजे १७६० वापरायचे. सात मिनिटांना १९०० जातात तर टायमर साडेसहावर आणा, वारा असला तर सहावर. उतरल्यावर दहा मिनिटं थांबून चेकर लावला की सेल ३.७ च्या आसपास दिसायला हवेत. आणि गरम पॅक लगेच चार्जिंगला लावू नका, हाताला गार लागू दे. करंट १सी, म्हणजे पॅकच्या क्षमतेइतकाच, तुमच्या पॅकला २.२ अँपिअर, पॅकवर ५सी छापलेलं असलं तरी. चार्जिंग चालू ठेवून आंघोळीला जायचं नाही.

गुळाची_ढेप
बरं मान्य, तांब्याचं माहीत नव्हतं. मग टाकायचे कसे? मिठाच्या पाण्यात टाकतात ना?

उद्यमनगर_लेथ
मिठाच्या पाण्यात कनेक्टर गंजून हिरवे होतात, करंट जायची वाटच बंद होते आणि पॅकमध्ये जीव तसाच राहतो. आधी बल्ब लावा. मोटारसायकलचा १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब, त्याला एक्सटी६० ची शेपटी सोल्डर करायची, उघड्यावर फरशीवर वाळू टाकून पॅक ठेवायचा. फुल्ल पॅकला सव्वा तासाच्या वर लागतो. बल्ब विझला तरी रात्रभर जोडलेला राहू दे, मीटरवर शून्याजवळ आला की टेप गुंडाळून ई-कचऱ्यात. घंटागाडीत नको, गाडीत दाबला जातो.

माळावरचा_गडी
अपडेट देतो. फुगलेला बल्बला लावला आणि विमानातला पण नंतर त्यालाच जोडला, पण त्याच्यावर बल्ब काय लागला नाही, आतली तार नुसती लाल पण झाली नाही. आज्जी दोनदा येऊन विचारून गेली, भर दुपारी दिवा कशाला लावलायस म्हणून. तिला सांगितलं बॅटरीचा दहावा चाललाय.

३.९२ वाला स्टोरेजला आणून कुंडीत ठेवलेला. आज आठवा दिवस. ३.८५, ३.८५, ३.७१.

फोमबोर्ड_काका
गेला मग. त्यालाही बल्ब दाखवा. रविवारी पाऊस नसेल तर माळावर या, माझ्याकडं एक जास्तीचा २२०० आहे, तीन वर्षं जुना पण सेल सारखे आहेत, नवा घेईपर्यंत वापरा. कनेक्टर डीन्सचा (वेगळ्या प्रकारचा) आहे तेवढा बदलून घ्यावा लागेल.

उद्यमनगर_लेथ
सोल्डरिंग गन मी आणतो. पक्कड नको, मी बघतो.