झुडपी जंगल गेलं तर वाघ कुठून जाईल?

मोहतळ (ब्रह्मपुरी तालुका):
वनसंवर्धन कायद्यात 2023 ला केलेल्या दुरुस्तीला माझा विरोध आहे. सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद नसेल, तर ती जमीन आता कायद्याबाहेर. सरकारी प्राणिसंग्रहालय आणि सफारीलाही सूट. गोदावर्मन या जंगलतोडीविरुद्धच्या खटल्यात 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की नोंद असो-नसो, जंगल ते जंगलच. 19 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशानं तोच अर्थ सध्या चालू आहे. पण दुरुस्ती रद्द झालेली नाही.

आपल्याकडे वाघ काही फक्त ताडोब्यात राहत नाही. आमच्या तालुक्यात तो झुडपी जंगलातून, म्हणजे गावाजवळच्या खुरट्या झाडोऱ्याच्या जमिनीतून, नाल्याच्या काठानं येतो-जातो. ती पट्टी मोडली की त्याची वाट धानाच्या बांध्यांतून. मग मरतो तो आपलाच माणूस.

धुरा:
भाऊ, रात्री पिकाची जागल कोण करते, तुम्ही का आम्ही? रानडुकरं एका रात्री बांधी लोळवून जातात. आमच्या टोलीतली बाई मोहफुलं वेचायला गेली, परत आली नाही. 25 लाख मिळतात म्हणे. तिच्या पोराला आई मिळते का? आन् माझं घर झुडपीवर आहे. बापानं बांधलं, जागेचा पट्टा आजवर नाही. कायदा ढिला झाला तर आमचं भलंच होईल, तुम्ही काहून अडवता?

मोहतळ:
त्या बाईबद्दल वाचून बसूनच राहिलो. पण माणूस मारणाऱ्या वाघासाठी 1972 च्या वन्यजीव कायद्यात कलम 11 आधीपासून आहे. मुख्य वन्यजीव रक्षक पकडायचा आदेश देऊ शकतात, पकडता येत नसेल तर मारायचाही. पांढरकवड्याची टी-1 वाघीण 2018 च्या नोव्हेंबरात मारली गेली, ती हाच कायदा असताना. पीक खाणाऱ्या रोही (नीलगाय)-रानडुकरांना मारण्यासाठीही राज्यानं परवानगीची सोय केली आहे. ती वेळेवर मिळत नाही, हा तुमचा राग खरा आहे. पण 2023 च्या दुरुस्तीनं ती एक दिवसही लवकर मिळणार नाही.

पट्ट्याचं म्हणाल तर 22 मे 2025 च्या निकालानं पूर्व विदर्भातली झुडपी जमीन वन ठरवली, पण 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्यानं दिलेल्या जागा कायम करायची वाटही दाखवली. शाळा, घरं, स्मशानभूमी न्यायालयाला दिसल्या होत्या. वन कायद्यातून सूट मागणाऱ्यांना तुमचं घर दिसत नाही. त्यांना सलग मोकळी जमीन दिसते.

गोठ्यावरची:
दोघंही गुरांचं बोलत नाही. आमच्या गावाला चराई तेवढीच, सरपणही तिथलंच. झुडपी कोणाला दिली तर गुराखी ढोरं घेऊन थेट मोठ्या जंगलात जाणार. सफारीच्या जिप्सीत बसलेल्यांना वाघ दिसेल लांबून, गुराख्याला दिसेल हाताच्या अंतरावर. मी मोहतळच्या बाजूनं.

धुरा:
बाई, चराईचं पटलं. पण भाऊ, तुम्ही म्हणता सक्षम अधिकाऱ्यानं दिलेली जागा. माझ्या बापाला कोणी दिली नव्हती, तो बसला होता. त्याचं काय?

मोहतळ:
त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ग्रामसभेत दुरुस्तीविरुद्ध ठराव मांडतो आहे. अशा घरांचं आणि सात दिवसांत पीक-पंचनाम्याचं कलम त्यात तुम्ही लिहून द्या.

धुरा:
लिहून देतो. सही मात्र वाचून करीन.