गावचं वाचनालय आणि वाचनाचे उपक्रम : तुमचे अनुभव लिहा

परवा 15 ऑक्टोबर, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून कलामांचे फोटो फिरत होते पण पुस्तक हातात धरलेलं कोणी दिसलं नाही (मीही त्यातलीच). म्हणून विचारतेय, बरे-वाईट सगळे अनुभव येऊदेत.

---

आमचं रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. आजोबा दर शनिवारी "जा, पुस्तक बदलून आण" म्हणून पिटाळायचे आणि मी आधी स्वतःसाठी रहस्यकथा शोधायचो, मग त्यांचं काय सांगितलंय तेच विसरायचो आणि आधी वाचलेलंच पुन्हा घरी, की बोलणी ठरलेली.

---

भिलारला गेलो होतो मागच्या पावसाळ्यात. 2017 पासून पुस्तकांचं गाव, घराघरांत कपाटं, एकेका घरात एकेक विषय, तिथेच बसून वाचायचं. मला वाटलेलं नुसतं फोटोपुरतं असेल. पण बाहेर धो धो पाऊस, लेक एका घरातल्या कॉटवर आडवी पडून वाचतेय आणि घरच्या काकूंनी न विचारता चहा ठेवला. दोन तास हललो नाही.

---

मी एका ड वर्गाच्या (म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातल्या) वाचनालयात काम करते. अनुदान वर्षात दोन हप्त्यांत, तेही कधी येईल त्याचा नेम नाही, त्यातच पगार, वीज, पेपरबिल आणि उरलं तर पुस्तकं. आपल्या महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर (वाचनालयांसाठी वेगळा कर) नाहीये, कर्नाटकात आहे. उपक्रमाचा बॅनर लावायला सगळे येतात हो, नंतर खुर्च्या आम्हीच उचलतो. पण दिवाळी अंक आले की वेगळी वर्गणी भरून का होईना रांग लागते, तेवढे दिवस बरं वाटतं.

---

@वरच्या ताई, अगदी. आम्ही दुबईत, इथे वाचनालय कुठलं! नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी आली (विनायक रानडेंनी 2009 मध्ये सुरू केलेली योजना). पेटी एका घरी, बाकीचे तिथे जाऊन पुस्तकं नेणार. पहिल्या शुक्रवारी पुस्तकांपेक्षा साबुदाणा खिचडीच जास्त संपली. नंतर मात्र एका कादंबरीवरून दोन काकांचं असं वाजलं की पेटी बदलायची वेळ आली तरी ते पुस्तक दोघंही सोडेनात.

---

खिचडी कोणाकडची, ते पण लिहा 😄