उपग्रह स्वतःच धावत असताना आयनांचे तापमान कसे मोजतात?

धरमपेठची विद्यार्थिनी : मी नागपुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते. १९९४ साली सोडलेल्या स्रॉस-सी२ या भारतीय उपग्रहावर आयनांचे (विद्युतभारित अणूंचे) तापमान मोजणारा रिटार्डिंग पोटेन्शियल अ‍ॅनालायझर होता, असे वाचले. उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर, तर तेथील ऑक्सिजन आयनांचा औष्णिक (उष्णतेमुळे होणाऱ्या हालचालीचा) वेग जेमतेम एक किलोमीटर. मग या धावण्याच्या ऊर्जेतून आयनांचे तापमान वेगळे कसे काढतात?

निवृत्त प्राध्यापक, महाल : शंका रास्त आहे, आणि उत्तर त्या वेगातच आहे. उपकरणाच्या तोंडाशी बसवलेल्या जाळीवरचा धन विद्युतदाब टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात आणि मागच्या पट्टीवर पोहोचणारा प्रवाह मोजतात. उपग्रहाच्या दृष्टीने ऑक्सिजन आयन सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने, म्हणजे साडेचार व्होल्ट दाबाने अडेल इतक्या ऊर्जेने, समोरून येतो. सगळे आयन स्थिर असते, तर तेवढ्या दाबाला प्रवाह एकदम तुटला असता. प्रत्यक्षात त्यांच्या स्वतःच्या हालचालीमुळे तो उतार पसरट होतो, आणि हा पसरटपणा म्हणजेच तापमान. हायड्रोजन आयन सोळापट हलका असल्याने सुमारे पाव व्होल्टलाच अडतो, त्यामुळे आलेखात दोन पायऱ्या दिसून आयनांचे परस्पर प्रमाणही कळते. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

उपकरणशास्त्राचा अभ्यासक : सरांच्या उत्तराला एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. इलेक्ट्रॉन आयनांपेक्षा कितीतरी वेगवान असल्याने ते उपग्रहावर अधिक आदळतात आणि उपग्रहाचे अंग किंचित ऋण होते. ते आयनांना ओढून घेते, म्हणून आलेखाची पायरी सरकते; ही सरक आयनांच्या वाऱ्यामुळे (त्यांच्या एकत्रित वाहण्यामुळे) आहे की अंगाच्या विद्युत विभवामुळे, हे एकट्या उपकरणाला सांगता येत नाही. म्हणूनच सोबत लॅंगम्यूर प्रोब (इलेक्ट्रॉनांची घनता आणि उपग्रहाचे विभव मोजणारी शलाका) ठेवणे मला अत्यावश्यक वाटते.

धरमपेठची विद्यार्थिनी : आभारी आहे, सर. आपल्या नागपूरवरून जाताना या नोंदींत काही विशेष दिसते का?

निवृत्त प्राध्यापक, महाल : हो. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे दिवसा वर उचलला गेलेला प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉन यांचे मिश्रण) चुंबकीय बलरेषांवरून दोन्ही बाजूंना घसरतो आणि उत्तरेकडे साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात साचतो. नागपूर घनतेच्या त्या उंचवट्याच्या दक्षिण उतारावर येते. २०१३ पासून ध्रुवीय कक्षेत फिरणाऱ्या स्वॉर्म या युरोपीय उपग्रहांवर लॅंगम्यूर प्रोब आहेत आणि त्यांची माहिती सर्वांना खुली आहे. दुपारची, कन्याकुमारीकडून उत्तरेला येणारी एखादी फेरी निवडून इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा आलेख तू स्वतः काढ.