श्रूजबेरीजवळ बार्नमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन राहावं का?

वाटसरू_मिल्टनकीन्स
ऑक्टोबरअखेर मुलांना सुट्टी आहे, पुण्याहून सासू-सासरे आलेत. सासऱ्यांचं एकच टुमणं: कॅम्पातल्या कयानीची श्रूजबेरी बिस्किटं जन्मभर खाल्ली, आता इथे इंग्लंडात त्या नावाचं गाव आहे ते दाखवा. गावाबाहेर जुन्या धान्याच्या कोठाराचं केलेलं एक घर बघितलंय. फोटो झकास आहेत: तुळया, लाकडाची शेगडी, समोर मेंढ्या. पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि बाहेरचं जेवण दोघांनाही एका वेळेपुरतंच चालतं. तिथे राहावं की गावातच हॉटेल घ्यावं?

गोदाकाठ
मी टेलफर्डला राहते, माहेरचं कुणी आलं की त्याच बाजूला जातो. घ्या बिनधास्त. पण पैसे भरण्याआधी मालकिणीला विचारा, झोपायच्या खोल्या कुठे आहेत आणि जिना कसला आहे. अशा घरांत पुष्कळदा खोल्या खाली आणि बैठक-स्वयंपाकघर वर असतं, कारण तुळया आणि बाहेरचा देखावा वरूनच छान दिसतो. म्हणजे कपभर चहासाठीही सासूबाईंनी जिना चढायचा. फोटोत जिना कुठेच दिसत नसेल तर काय ते समजून घ्या.

दुसरी गोष्ट फोडणीची. सगळं मिळून एकच दालन, छत उंच, मिरचीचा खकाणा थेट धुराच्या अलार्मला जाऊन भिडतो. आमच्याकडे एकदा मोहरीबरोबर अलार्मही तडतडला, काका स्वेटर न घालताच बाहेर मेंढ्यांपाशी जाऊन उभे! चुलीवरचा पंखा धूर बाहेर टाकतो की गाळून परत घरातच सोडतो, हेही विचारा. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, अशा ठिकाणी बहुतेक सेप्टिक टँकच असतो.

कोठार मळणीचं असेल तर सासऱ्यांना समोरासमोरची दोन उंच दारं नक्की दाखवा. आता तिथे काचा बसवतात. पूर्वी मधल्या जमिनीवर मळणी व्हायची, आणि दोन्ही दारं उघडली की आरपार वाऱ्यावर उफणणी. आपण खळं उघड्यावर करतो, इथल्या पावसात ते छपराखाली आणावं लागलं. भिंतीतल्या उभ्या फटी हवा खेळती राहावी म्हणून. आणि वर, छपराच्या टोकाखाली भोक असेल तर ते घुबडासाठी, उंदरांचा बंदोबस्त! माझे वडील श्रूजबेरीचा किल्ला सोडून हेच बघत बसले होते.

साडेसातची_लोकल
माझं मत उलट. गावातच राहा. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून तासाभरात गाडी येते, कार लागतच नाही. त्या बार्नकडे जाणाऱ्या गल्ल्या एकाच गाडीच्या, दोन्हीकडे उंच कुंपणं. समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स तुम्हीच घ्यायचा. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे गेली की पाचच्या सुमारास अंधार, मोबाइलला रेंज असेलच असं नाही. गावाला सेव्हर्न नदीचा जवळजवळ पूर्ण वेढा आहे, पुलांवरून फिरण्यातच दिवस जातो. फक्त वाइल कॉप या रस्त्याचा चढ सासूबाईंना टॅक्सीने करवा.

गोदाकाठ
रेंजचं खरं आहे, नकाशा आधीच उतरवून ठेवा. पण संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत दोन म्हातारी माणसं आणि मुलं कोंबून काय करणार? कारने आलात तर पार्क अँड राइड वापरा, म्हणजे गाडी गावाबाहेर ठेवून बसने आत. नदीकाठचा फ्रँकवेलचा कार पार्क पुरात जातो, फेब्रुवारी २०२० मध्येही पाण्याखाली होता. कॅसल स्ट्रीटवर श्रूजबेरी केक, म्हणजे तुमची ती बिस्किटंच, करणाऱ्या पेलिनच्या दुकानाची पाटी आहे, त्यावर १७६० साल आहे, सासऱ्यांचा फोटो तिथेच काढा. १८०९ साली डार्विन याच गावात जन्मला, तो जिथे शिकला त्या इमारतीत आता वाचनालय आहे, दारात त्याचा पुतळा. चौकात दुसरा पुतळा प्लासीवाल्या क्लाइव्हचा, तो इथला खासदार होता. तिथे आमचे वडील अर्धा तास बोलत होते, सगळं छापण्याजोगं नव्हतं.

वाटसरू_मिल्टनकीन्स
मालकिणीचं उत्तर आलं. एक खोली आणि बाथरूम स्वयंपाकघराच्याच मजल्यावर, बाकी माळ्यावर. माळा मुलांना. घेतलं! एक दिवस आयर्नब्रिजला जाऊ, १७७९ चा लोखंडी पूल सासऱ्यांनी यादीत आधीच लिहिलाय. घरून काय काय न्यावं?

गोदाकाठ
कोथिंबीर, मिरच्या, कणीक, पोळपाट-लाटणं. शेगडीच्या लाकडाची पहिली टोपली बहुधा फुकट असते, पुढची विकत घ्यावी लागते, ती वाळलेलीच बघून घ्या. आणि प्रेशर कुकर. तो तिथे नसतोच.