जीएम (जीन बदललेल्या) पिकांच्या धोक्यांवर रिसर्च करायला पैसे देतं कोण?

कपाशीतला_किडा: एमएस्सी ॲग्री चालूय, कीटकशास्त्र. बीटी कपाशीवरच्या (बोंडअळी मारणारा जीन घातलेली जीएम कपाशी) गुलाबी बोंडअळीवर काम करायचंय पण बियाणं कंपनीचे पैसे नको वाटतात, उद्या रिझल्ट त्यांच्या विरोधात गेला तर? अमेरिकेत यासाठी वेगळी स्कीम आहे म्हणे, खरंय का?

ढेकूळ: आहे ना, ब्रॅग म्हणतात, म्हणजे बायोटेक्नॉलॉजी रिस्क असेसमेंट ग्रँट्स. १९९० च्या फार्म बिलातून आली. तिथलं कृषी खातं बायोटेक रिसर्चवर जो खर्च करतं त्यातले २ टक्के धोके तपासायलाच बाजूला काढायचे, असा कायदाच आहे (आधी १ टक्का होता, २००२ ला वाढवला). पराग उडून जीन रानटी जातीत गेला तर काय, किडीत प्रतिकार कसा येतो, असले विषय. पण अर्ज तिथल्याच संस्था करणार, तुला पीएचडीला जाऊन गाइडच्या ग्रँटवरच बसावं लागेल.

विळा_कोयता: इथे डीबीटीला (केंद्राचं जैवतंत्रज्ञान खातं) प्रपोजल टाक. गंमत बघ, डीएमएच-११ ही जीएम मोहरी तयार करायलाही डीबीटीचे पैसे होते. आणि आधी नागपूरच्या सीआयसीआरला (केंद्रीय कापूस संशोधन संस्था) चक्कर मार.

बांधावरचा: पैसे मिळतील न मिळतील, विषय मात्र झकास आहे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची, कडेने पेरायला, म्हणजे अळीत प्रतिकार लवकर येऊ नये. आमच्या घरी ती पुडी कधी पेरलीच नाही, कोनाड्यात पडून असायची. बाबा म्हणायचे, अळ्या पोसायला रान देऊ का?

कपाशीतला_किडा: हाहा, आमच्याकडे पण सेम! धन्यवाद सगळ्यांना, डीबीटीचं बघतो.