ट्यूबलाइटखाली लावणी शूट करताना पट्टे, काळे डोळे आणि फराटे

पायातली_लय: सोसायटीच्या हॉलमध्ये फोनवर उभ्या फ्रेममध्ये लावणी शूट करायची आहे. छताला ट्यूबलाइट, मागे पांढरी भिंत. चित्रावर आडवे पट्टे सरकतात, डोळ्यांखाली काळं येतं, नऊवारीचा जरीकाठ पांढराफटक होतो. फोन हातात घेऊन फिरलं की गिरकीत नुसते फराटे. काय बदलू?

तिसरी_घंटा: आधी पट्टे घालवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. ऑटोवर फोनने १/६० शटर (म्हणजे प्रत्येक चित्र टिपायला सेकंदाचा साठावा भाग) धरलं की सेन्सरच्या प्रत्येक ओळीला वेगवेगळा उजेड मिळतो, त्याचेच पट्टे. प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने ठरवता येतात त्या मोडमध्ये, शटर १/१०० वर बांधा. १/५० नेही पट्टे जातात, पण हाताची बोटं पुसट होतात आणि लावणीत बोटं गेली तर अदाच गेली. प्रो व्हिडिओ नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप बघा.

१/१०० ला उजेड जास्त लागतो. ५० वॅटचा एलईडी फ्लडलाइट नाचणारीच्या एका बाजूला, साधारण ४५ अंशांत, सात फूट उंचीवर आणि नऊ फूट लांब ठेवा. पुढे फूटभर अंतरावर पांढरं सुती कापड ताणा. लांब ठेवायचं कारण असं: दिवा तीन फुटांवर असला आणि ती तीन फूट मागे सरकली तर उजेड पावपट होतो. नऊवरून बारा फुटांवर गेली तर निम्म्याहून थोडा जास्त उरतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. भिंतीपासून नाचणारीला पाच-सहा फूट पुढे आणा, म्हणजे सावली भिंतीवर पडणार नाही.

जरीसाठी चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करा आणि अर्धा स्टॉप, म्हणजे -०.५, खाली आणा. चेहरा थोडा काळवंडला तर एडिटिंगमध्ये उचलता येतो, पांढराफटक झालेला जरीकाठ परत येत नाही.

विंगेतला_दिवा: वरचं सगळं पटलं, पण पाय अंधारात राहतील. नाट्यगृहात नाचाला विंगेतून खालच्या उंचीवर दिवे लावतात ते याचसाठी. थर्माकोलऐवजी तिथे दुसरा छोटा दिवा गुडघ्याच्या उंचीवर लावा, घुंगरू आणि निऱ्या उठून दिसतात. दिव्याला डिमर असेल तर कमी करू नका, लांब सरकवा. बरेच डिमर दिवा झपाट्याने चालूबंद करून उजेड कमी करतात आणि पट्टे परत येतात.

आठवी_मात्रा: फराट्यांचं कारण कॅमेऱ्याची चाल. गिरकीला फोन स्थिर हवा. नाचणारी आणि तुम्ही, दोघी फिरल्या की बघणाऱ्याची नजर कुठे टेकणार? ती थबकते, मान वळवते, पदर सावरते तेव्हा तुम्ही सरका. केहरवा या आठ मात्रांच्या तालाच्या दोन आवर्तनांत, म्हणजे १६ मात्रांत, तीन फूट पुढे. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, निघा, समेवरच थांबा. कोपर बरगडीला टेकवा, गुडघे सैल, टाच आधी.

फोन कंबरेच्या उंचीला, दहा-बारा फुटांवरून, मुख्य लेन्सवर. ०.५ च्या वाइड लेन्सने कडेचे हातपाय ताणले जातात आणि अंधारात दाणेही येतात. चित्राचं हलणं कमी करणारं स्टॅबिलायझेशन कडा कापतं, तेव्हा डोक्यावर आणि पायाखाली हातभर जागा सोडा.

एकाच टेकमध्ये सगळं पकडायला जाऊ नका. तीनदा शूट करा: पूर्ण अंग, कंबरेपासून वर, फक्त पाय. प्रत्येक वेळी आधी रेकॉर्डिंग सुरू करा, मग गाणं; रेकॉर्डिंगमध्ये ढोलकीची पहिली थाप स्पष्ट ऐकू आली पाहिजे, जोडताना ती जुळवता येते.

पायातली_लय: ट्यूब चालू ठेवू का? नाहीतर हॉल फार काळोखा होतो.

तिसरी_घंटा: तिच्या डोक्यावरच्या बंदच. मागच्या भिंतीजवळची एक चालेल, पण फ्लडलाइट त्याच रंगाचा, ६५०० केल्विनचा घ्या. ३००० चा पिवळा आणला तर चेहरा पिवळा आणि भिंत निळी दिसेल. व्हाइट बॅलन्सही (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) लॉक करा, नाहीतर लाल शालू फ्रेममध्ये आला की त्वचेचा रंग बदलत राहतो.